मन टोचतं तेव्हा नेमकं काय करायचं

बायबलमधली गोष्ट आहे. दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत शिरला तेव्हा दावीद आत लपलेला होता. देवानंच तुझा शत्रू तुझ्या हाती दिलाय, असं सोबतची माणसं त्याला सांगत होती. दाविदानं शौलाला धक्का लावला नाही, फक्त त्याच्या झग्याचा काठ गुपचूप कापून घेतला, आणि तेवढ्यावरूनच त्याचं मन त्याला टोचू लागलं (१ शमुवेल २४:५). कुणाला इजा झाली नव्हती, कुणी तक्रार केली नव्हती. पुढे राजा झाल्यावर हाच दावीद बथशेबेला बोलावून घेतो आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडी उभं करून मारवतो. त्या अख्ख्या अध्यायात त्याच्या मनाला काही लागल्याचा शब्दसुद्धा नाही. मूल जन्मतं, नाथान संदेष्टा येऊन गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो, "तो मनुष्य तूच" असं तोंडावर म्हणतो, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून "मी पाप केलं" निघतं.

माणूस एकच, पण काठ कापल्यावर जे मन बोललं ते खून करवल्यावर गप्प राहिलं. सदसद्विवेकबुद्धीवर किती भरवसा टाकायचा हे ठरवताना दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचावेत. टोचणी लागली तर ती बारीक आहे म्हणून झटकायची नाही, आणि लागली नाही तर आपण स्वच्छ आहोत असंही समजायचं नाही. प्रेषित पौल स्वतःबद्दल हेच म्हणतो: माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्यानं मी निर्दोष ठरत नाही (१ करिंथ ४:४).

टोचणी सहसा सरळ "तू चुकलास" म्हणत येत नाही. ती वागण्यात दिसते. एका विशिष्ट माणसाचा फोन आला की उचलावासा वाटत नाही. प्रार्थना चालू असते, पण एका विषयाला वळसा घालून. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, दिवशी नेमकं काहीतरी काम निघतं. सगळ्यात ओळखू येणारी खूण म्हणजे कुणीही आरोप केलेला नसताना मनातल्या मनात चाललेली वकिली: "तसं काही नव्हतं, मी तर त्याच्या भल्यासाठीच..." आरोप करणारे आणि समर्थन करणारे विचार एकमेकांशी भांडतात, असं रोमकरांस पत्र २:१५ मध्ये म्हटलं आहे ते हेच. ज्या बाबतीत बचावाचं भाषण पुन्हा पुन्हा तयार होतं, तिथेच बघायला हवं.

या टप्प्यावर माणसं बहुधा कामात बुडवून घेतात, नाहीतर दानपेटीत नेहमीपेक्षा जास्त टाकतात. काहीजण ज्याला त्याला घाईघाईनं सॉरी म्हणत सुटतात. हा तिसरा प्रकार प्रामाणिक वाटतो म्हणून जास्त फसवा. नेमकं काय झालं हे स्वतःला कळायच्या आत मागितलेली माफी अस्वस्थता तेवढी कमी करते आणि मूळ गोष्ट तशीच राहते. म्हणून आधी काही करायचं नाही. आधी लिहायचं.

वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ बसलं तर मन गोल फिरायला लागतं. सुरुवातीला स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं हळूहळू वाचावीत: हे देवा, माझं हृदय पारख, माझ्यात वाईट मार्ग आहे का ते पाहा. क्रम महत्त्वाचा आहे. पारखणारा देव आहे, आपण फक्त हजर राहायचं. उलट केलं, म्हणजे आपणच आपली उलटतपासणी घ्यायला बसलो, तर एकतर सगळं माफ होतं किंवा काहीच माफ होत नाही. मग कागदावर एकच गोष्ट लिहायची: मी काय केलं. त्यात क्रियापद हवं, कुणाच्या बाबतीत ते हवं, आणि जमेल तिथे कधी, किती वेळा, किती हेही. "मी स्वार्थी आहे", "माझा स्वभाव तापट आहे" ही वाक्यं कबुली नव्हेत. विशेषणांचं प्रायश्चित्त घेता येत नाही. "वाटणीच्या वेळी मी एक कागद बहिणीला दाखवला नाही" ही कबुली. "सहकाऱ्याचं काम मी स्वतःच्या नावावर सांगितलं, दोन बैठकांत" ही कबुली.

हे लिहिताना हात अडतो, आणि कुठे अडतो ते बघण्यासारखं असतं. मराठीत तर पळवाट व्याकरणातच तयार आहे: "माझ्याकडून झालं", "तोंडून निघून गेलं", "गैरसमज निर्माण झाले". करणारा गायब. असं वाक्य उतरलं की ते खोडून "मी" पासून पुन्हा सुरू करावं. कॅथलिक धर्मविधीसंहितेच्या ९८८ व्या कलमात गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगावीत असं म्हटलं आहे, ते अनेकांना हिशेबनिसाचं वाटतं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. "खोटं बोललो" आणि "बायकोशी पैशांबद्दल वर्षभर खोटं बोलत आलो" यांतला फरक प्रकार आणि संख्या यांतच आहे, आणि पहिलं वाक्य दुसऱ्याला लपवायला अगदी सोयीचं असतं.

आता लिहिलेलं वाचायचं आणि विचारायचं: हे पाप आहे का? प्रत्येक टोचणी पापाचीच असते असं नाही. जिवलग माणूस गेल्यावर "मी आणखी करायला हवं होतं" असं वाटतं, त्यात बहुतेक वेळा दुःख असतं, दोष नसतो. मोह होणं म्हणजे पाप करणं नव्हे. येशूचीही सर्व प्रकारे परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला (इब्री ४:१५). पकडले गेल्याची लाज आणि केल्याचा पश्चात्ताप वेगळे आहेत. ते ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो: हे कुणालाच कधी कळणार नाही अशी खात्री मिळाली तर टोचणी जाईल का? गेली, तर ती लाज होती. आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला स्वतःचीच चूक वाटत राहते, हे सर्रास घडतं. ते दुसऱ्याचं पाप आहे. त्याची कबुली द्यायची नसते आणि कुणी द्यायला लावत असेल तर तिथून उठायचं. गंभीर पापासाठी कॅथलिक शिकवण तीन गोष्टी एकत्र लागतात असं मानते: बाब गंभीर, ती गंभीर असल्याची पूर्ण जाण, आणि जाणूनबुजून दिलेली संमती. इतर बऱ्याच मंडळ्या पापांची गंभीर आणि साधी अशी विभागणी मानत नाहीत, पण हे तीन प्रश्न स्वतःला विचारायला कुणालाच अडचण नाही.

टोचणीचा सूर बघूनही बरंच कळतं. २ करिंथ ७:१० मध्ये पौल दोन दुःखं वेगळी करतो: देवाच्या इच्छेप्रमाणे होणारं दुःख पश्चात्तापाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. व्यवहारात फरक असा जाणवतो की खरी टोचणी एका कृत्याकडे बोट दाखवते आणि पुढचं पाऊलही दाखवते. खोटी सबंध माणसाला धरते, "तू असाच", "तुझं काही खरं नाही", आणि पुढे भिंत. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यानं आपल्या नियमांत याला एक जोड दिली आहे. जो माणूस पापामागून पाप करत चाललाय, त्याला चांगला आत्मा टोचतो आणि वाईट आत्मा गोंजारतो. जो सुधारत चाललाय, त्याच्या बाबतीत उलट: नाहक काळज्या, अडथळे, हुरहूर हे काम वाईट आत्म्याचं. म्हणजे अस्वस्थतेचा अर्थ लावण्याआधी आपण कुठल्या दिशेनं चाललोय ते पाहायचं.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याचा प्रसंग इथे नीट वाचावा, कारण तो आपण ठरवतो तितका सोपा नाही. त्याला पस्तावा झाला. "निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं" अशी स्पष्ट कबुली त्यानं दिली. चांदीची तीसच्या तीस नाणी परत केली (मत्तय २७:३-५). पस्तावा, कबुली, भरपाई, तिन्ही झालं. पण तो गेला मुख्य याजकांकडे, ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतलं होतं, आणि त्यांचं उत्तर होतं, "त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहा." तिथून एकटा निघून त्यानं जीव दिला. दुसरा शिष्य पेत्र, त्यानंही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं होतं. तो बाहेर जाऊन रडला आणि मग बाकीच्या शिष्यांतच राहिला. पुनरुत्थानाच्या सकाळी तो त्यांच्याबरोबर सापडतो. एकट्यानं निस्तरायचं, किंवा ज्यांना आपल्या पश्चात्तापाशी काही देणंघेणं नाही त्यांच्यापुढे निस्तरायचं, हे या प्रवासातलं सगळ्यात धोक्याचं वळण आहे.

काही जणांची अडचण मात्र वेगळीच असते: टोचणी थांबतच नाही. इग्नेशियसचीच गोष्ट आहे. १५२२ मध्ये त्यानं मोन्सेरातच्या मठात तीन दिवस घेऊन, लिहून काढून, सगळ्या आयुष्याची पापकबुली दिली. पुढे मान्रेसात असताना अमुक सांगायचं राहिलं, तमुक नीट सांगितलं नाही, असं सुरू झालं. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. धर्मगुरूंनी सांगितलं की अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं सांग. पण त्याला सगळंच स्पष्ट वाटायचं, म्हणून त्या सल्ल्याचा काही उपयोग झाला नाही. जीव द्यावा असेही विचार त्याला आले. शेवटी त्यानं ठरवलं की मागची पापं पुन्हा कबूल करायचीच नाहीत, आणि तिथून सुटका झाली. मार्टिन ल्युथर एर्फुर्टच्या मठात असताना कधीकधी एकेका कबुलीला सहा-सहा तास लावायचा, त्याचे मार्गदर्शक श्टाउपित्स वैतागायचे.

अशा मनाला "आणखी नीट आत्मपरीक्षण कर" हा सल्ला म्हणजे ताप आलेल्याला आणखी एक रजई घालणं. इथे नियम उलटे होतात. ऐकणारा एकच ठेवायचा. तीन ठिकाणी तेच विचारून तीन उत्तरं गोळा करायची नाहीत. एकदा कबूल केलेलं पुन्हा कबूल करायचं नाही, "नीट सांगितलं का" ही शंका आली तरी नाही. आत्मपरीक्षणाला घड्याळ लावायचं, पाच मिनिटं, बस. शंका असेल तर पाप नाही असं धरून पुढे जायचं. हा नियम फक्त अशा मनासाठी, निर्ढावलेल्यासाठी नव्हे. पहिल्यांदा हे करताना देवाची फसवणूक करतोय असं वाटतं. तसं वाटणारच, तोच या त्रासाचा स्वभाव आहे. अठराव्या शतकातला संत आल्फोन्सस लिगोरी नीतिशास्त्राचा मोठा जाणकार होता आणि स्वतः या त्रासानं आयुष्यभर बेजार होता. मार्गदर्शकाचं ऐकून चालत राहणं हाच त्याचाही तोडगा होता. शिवाय धार्मिक विषयाचा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, हा वैद्यकीय आजार आहे. त्यावर उपचार आहेत, त्यात भीतीला सामोरं जायचं आणि सवयीची कृती (इथे पुन्हापुन्हा कबुली, पुन्हापुन्हा खात्री मागणं) करायची नाही हे टप्प्याटप्प्यानं शिकवतात. डॉक्टरकडे जाणं हा विश्वासाचा कमीपणा नाही. आणि जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि जवळच्या माणसाला सांगायचं. बाकी सगळं नंतर.

ज्याला खरंच पाप सापडलं आहे त्यानं पुढे चालावं. देवापुढची कबुली लांबलचक लागत नाही. येशूच्या गोष्टीतल्या, बापाचा पैसा उडवून घरी परत निघालेल्या उधळ्या पुत्रानं तयार केलेलं भाषण बघा (लूक १५:१८-१९): मी आकाशाविरुद्ध आणि तुमच्यापुढे पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला मजुरासारखं ठेवा. त्यात दुष्काळाचा उल्लेख नाही, साथ सोडून गेलेल्या मित्रांचा नाही, मोठ्या भावाच्या स्वभावाचाही नाही. आणि बाप तिसरं वाक्य बोलूच देत नाही. कागदावरचं वाक्य तसंच्या तसं मोठ्यानं म्हणावं, एवढंच. मोठ्यानं म्हटल्यानं फरक पडतो. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य अर्ध्यावर मऊ होतं.

माणसापुढे सांगायचं का? याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतो, आणि मंडळ्यांनी ते आपापल्या परीनं घेतलं आहे. कॅथलिक परंपरेत तो संस्कार आहे. १२१५ च्या चौथ्या लातेरान परिषदेपासून वर्षातून निदान एकदा कबुलीचा नियम आहे. ऑर्थोडॉक्स मंडळीत माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर उभा राहून सांगतो आणि धर्मगुरू शेजारी साक्षीदारासारखा असतो. अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात म्हटलं आहे की ज्याला आपलं मन स्वतःहून शांत करता येत नसेल त्यानं प्रभुभोजनाआधी एखाद्या सुज्ञ पाळकाकडे यावं. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीनं १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले, त्यांत दर भेटीला विचारायचा पहिला प्रश्न असा होता: मागच्या भेटीनंतर तुम्ही जाणूनबुजून कोणती पापं केलीत? ल्युथरन मंडळीनंही खाजगी कबुली टाकून दिलेली नाही.

कुठल्याही परंपरेत असलात तरी ऐकणारा निवडताना तीन गोष्टी बघा. त्याला तोंड आवरता येतं का. आपल्या प्रकरणात त्याचा स्वतःचा काही फायदा-तोटा नाही ना. आणि तो "अहो, एवढं काय त्यात" म्हणून उडवून लावणारा नाही ना, कारण सांत्वनाची घाई करणारा माणूस इथे धक्का बसणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो. कॅथलिक धर्मगुरूवर गुप्ततेचं बंधन पूर्ण आहे. ते थेट मोडलं तर तो आपोआप मंडळीबाहेर पडतो. पाळक, समुपदेशक किंवा मित्र यांच्यावर तसं बंधन असेलच असं नाही. बोलण्याआधी विचारून घ्या. लहान मुलांवरील अत्याचारासारखी बाब असेल तर कायद्यानं कळवणं भाग असू शकतं, आणि तिथे कळवलंच पाहिजे.

सांगताना आधी मागची कबुली कधी झाली ते, मग कागदावरचं, मग थांबायचं. दुसऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, दुसऱ्यांची पापं तर मुळीच नाहीत. बऱ्याच कबुल्या वाक्यागणिक नवऱ्याची, सासूची, साहेबांची तक्रार होत जातात, बोलणाऱ्याला ते कळतही नाही. एखादी गोष्ट विसरली तर क्षमा तिच्यासकट झाली. पुढच्या वेळी आठवली की सांगावी. मुद्दाम लपवली असेल तर मात्र कॅथलिक शिकवणीनुसार ती कबुलीच धरली जात नाही.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि म्हणूनच त्यांची टोचणी काही महिन्यांनी परत येते. कारण भरपाई राहिलेली असते. जुन्या करारातला हिशेब अगदी उघड आहे. कुणाचं लुबाडलं असेल तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, आणि तो ज्याचा त्याला, दोषार्पण (अपराधाबद्दलचा बळी) आणायचं त्याच दिवशी (लेवीय ६:५). शंभर घेतले असतील तर एकशेवीस. देणं घ्यायला माणूस उरला नसेल आणि नातेवाईकही नसेल तर ते याजकाकडे जातं (गणना ५:८). चोरलेली मेंढी विकली किंवा मारली असेल तर मात्र चौपट, बैल असेल तर पाचपट (निर्गम २२:१). "ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत देतो" असं जकातदार जक्कय म्हणाला त्याचा अर्थ यावरून कळतो (लूक १९:८). आपणहून कबूल करणाऱ्याला पाचवा हिस्सा पुरला असता, त्यानं स्वतःला चोराचा दर लावला. येशूनं त्याच्याकडे भरपाई मागितली नव्हती.

आजच्या व्यवहारात याचे तपशील असे पडतात. घेतलेले पैसे परत करताना नाव उघड करणं बंधनकारक नाही. कॅथलिक परंपरेत कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूमार्फत निनावी परत देण्याची वाट जुनी आहे. मालक वारला असेल तर वारसांना. मालकच कळत नसेल तर गरिबांना. पण मालक माहीत असताना त्याला न देता देवळात दान करणं ही भरपाई नव्हे, ते दुसऱ्याच्या पैशानं केलेलं दान आहे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवून लिहून ठेवावेत. "पुढे बघू" म्हटलं की ते पुढेच राहतं.

पैशापेक्षा अब्रूची भरपाई कठीण. एखाद्याबद्दल खोटं पसरवलं असेल तर ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे जाऊन "मी सांगितलं ते खोटं होतं" म्हणावं लागतं. फक्त ज्याची बदनामी केली त्याची माफी मागून ते भरून निघत नाही. याचं कारण सरळ आहे, नुकसान त्या ऐकणाऱ्यांच्या मनात झालंय. पण जे पसरवलं ते खरं असेल, आणि पसरवायची गरज नसताना पसरवलं असेल, तर पेच वेगळा: ते खोटं होतं असं म्हणता येत नाही, ते आणखी एक पाप होईल. तिथे त्या माणसाबद्दल जे चांगलं खरोखर ठाऊक आहे ते त्याच लोकांत सांगणं, आणि "मी ते बोलायला नको होतं" एवढं कबूल करणं, इतकंच हातात असतं.

कबुली किती लोकांपुढे द्यायची याचं माप पापाइतकंच ठेवावं. मनातलं देवापुढे, दोघांतलं दोघांत, चारचौघांतलं चारचौघांत. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटुकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. त्या खटल्यांतला एक न्यायाधीश सॅम्युएल सूअल १४ जानेवारी १६९७ ला, उपासाच्या दिवशी, बॉस्टनमधल्या आपल्या मंडळीत सगळ्यांदेखत उभा राहिला आणि पाळकांनी त्याचा कबुलीचा कागद वाचून दाखवला: दोष आणि लाज मी माझ्यावर घेतो. न्याय उघड्यावर केला होता, म्हणून कबुलीही उघड्यावर. त्या न्यायालयाचा प्रमुख विल्यम स्टाउटन यानं अशी माफी कधीच मागितली नाही. उलट बाजूनं, एखाद्याचा वर्षानुवर्षं हेवा केला आणि त्याला कल्पनाही नाही, तर "मी तुझा द्वेष करायचो" हे त्याला जाऊन सांगणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं. लग्नाबाहेरच्या संबंधाबद्दल जोडीदाराला सांगायचं का, कधी, कसं, यावर अनुभवी पाळकांतही एकमत नाही. ते एकट्यानं, भावनेच्या भरात ठरवू नये. आणि ज्याला आपण इजा केली त्यानं संपर्क नको म्हटलं असेल, तर माफी मागायलाही जायचं नाही. भरपाई तिसऱ्यामार्फत पोचवायची.

प्रत्यक्ष माफीत "जर" आणि "पण" येता कामा नयेत. "जर तुला वाईट वाटलं असेल तर" यात दोष ऐकणाऱ्याच्या नाजूकपणावर जातो. काय केलं ते, ते चूक होतं ते, काय भरून देणार ते. मग गप्प बसायचं. क्षमा तिथल्या तिथे मागून घ्यायची नाही. समोरचा वेळ घेईल, कदाचित कधीच देणार नाही. रोमकरांस पत्र १२:१८ मध्ये "तुमच्याकडून होईल तितकं" अशी अट आहे, ती अशाच वेळेसाठी.

कृती करायच्या आधीची टोचणी हा वेगळा विषय, पण त्याच बुद्धीचा. रोमकरांस पत्र १४:२३ चा नियम कडक आहे: संशय असताना केलं तर ते दोषास्पद. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस यानंही मांडलं की चुकीच्या समजुतीवर उभी असलेली विवेकबुद्धीसुद्धा, ती तशी आहे तोवर, मोडता येत नाही. मात्र निष्काळजीपणानं अज्ञानी राहिलेला माणूस त्यामुळे सुटत नाही. म्हणजे आधी थांबायचं, मग शिकून घ्यायचं: वचन संदर्भासह वाचायचं, आणि उत्तरात ज्यांचा लाभ नाही अशा एक-दोन जाणत्यांना विचारायचं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा जॉन वूलमन तरुणपणी अमेरिकेत एका दुकानात कामाला होता, तेव्हा मालकानं त्याला गुलाम स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितलं. मन खात असतानाही त्यानं तो लिहिला, पण मालक आणि गिऱ्हाईक दोघांसमोर बोलला की गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही. त्यानं टोचणी थोडी कमी झाली, गेली नाही. सरळ नकार द्यायला हवा होता हे त्यालाच नंतर कळलं. पुढच्या वेळी दुसऱ्यानं तसाच कागद मागितला तेव्हा त्यानं नकार दिला. अर्धं ऐकलं की अर्धी टोचणी शिल्लक राहते, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचित दिसतं. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेनं सभासदांना गुलाम ठेवायची बंदी केली.

सगळं करून झाल्यावरही काही दिवस मन दुखतं. नाथान दाविदाला एका दमात दोन्ही सांगतो: परमेश्वरानं तुझं पाप दूर केलंय, आणि परिणाम भोगावे लागतील (२ शमुवेल १२:१३-१४). परिणाम चालू आहेत म्हणजे क्षमा झाली नाही, असा अर्थ काढायचा नाही. अशा वेळी नवीन कबुली द्यायची नाही. १ योहान ३:२० वाचायचं, आपलं मन दोष देत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, आणि ठरलेला हप्ता वेळेवर भरायचा.

रोजच्यासाठी इग्नेशियसची पद्धत बरी पडते: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची तासातासानं उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटं. एखादीच खोड मोडायची असेल तर दुपारी आणि रात्री असा दोनदा हिशेब, वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी, जितक्या वेळा चुकलं तितके ठिपके. तुलना करायची ती दुपारची रात्रीशी, कालची आजशी, या आठवड्याची मागच्याशी; दुसऱ्या माणसाशी नाही. ठिपके वाढलेले दिसले तर खोड वाढली असेलच असं नाही, बहुतेक वेळा नजर तीक्ष्ण झालेली असते. पहिल्या आठवड्यात हे हमखास होतं आणि लोक तिथेच वही सोडतात. एखाद्या रात्री काहीच सापडलं नाही तर खणत बसू नये. स्तोत्र १९:१२ मधली मागणी, माझ्या गुप्त दोषांपासून मला मुक्त कर, अशा रात्रीसाठीच आहे. ती म्हणून वही मिटावी.